व्हॉलीबॉल प्रशिक्षक, महाविद्यालयीन (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत व्हॉलीबॉलचा संघ घडवणारी व्यक्ती. कागदोपत्री या नावाचे पद नाही. पद असते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे, आणि ते सांभाळणारा एकच माणूस कबड्डी, खो-खो, मैदानी खेळ, बुद्धिबळ असे सगळे संघ घेऊन फिरतो. त्यातला एखादा मूळचा व्हॉलीबॉलचा खेळाडू निघाला की त्या कॉलेजात हा खेळ रुजतो. तो निवृत्त झाला की बहुधा मागे पडतो. खानदेशात व्हॉलीबॉलची परंपरा अशी माणसागणिक चालत आली आहे.

विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे हा खेळ सुरू केला. वायएमसीएच्या शारीरिक शिक्षकांनी तो भारतात आणला. भारतीय महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि आशियाई खेळांत भारताच्या पुरुष संघाने १९५८ मध्ये कांस्य, तर १९६२ मध्ये रौप्य पदक मिळवले. खानदेशात महाविद्यालये आली ती १९४५ मध्ये : जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप. पुढे ही महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे गेली. त्या काळात इथल्या मुलाला विद्यापीठाच्या संघात शिरायचे तर पुणे, नाशिक, नगरच्या खेळाडूंशी निवड चाचणीत झुंजावे लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे) आणि खानदेशाला स्वतःचा संघ मिळाला. प्रशिक्षकाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी घटना दुसरी नाही. शिरपूर, चोपडा, शहाद्याच्या मुलाला आंतरविद्यापीठ स्पर्धा आवाक्यातली वाटू लागली.

स्पर्धांची चढण अशी : आधी विभागातील आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ. हा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे गुजरात, राजस्थानची तगडी विद्यापीठे समोर येतात. राज्यातील विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवातही व्हॉलीबॉल आहे.

या प्रशिक्षकाचे खरे कसब खेळाडू ओळखण्यात आणि त्याचा हात बदलण्यात दिसते. खानदेशच्या गावांत शाळेमागे किंवा खळ्यालगत दोन खांब रोवून जाळी बांधलेली असते, आणि संध्याकाळी तिथे बऱ्याचदा शूटिंग व्हॉलीबॉलचा खेळ चालतो. त्यात आलेला चेंडू जोरात थेट पलीकडे धाडण्यावर सारा भर. असा मुलगा कॉलेजात येतो तेव्हा त्याचे खांदे तयार असतात, नजर तीक्ष्ण असते; पण चेंडू दिसला की तो मारतोच. त्याला पहिला स्पर्श मऊ करायला शिकवणे हे महिनोन्महिन्यांचे काम आहे. गुडघे वाकवायचे, दोन्ही मनगटे जोडायची, कोपरे सरळ ठेवायची आणि हात न झटकता चेंडू नुसता उसळू द्यायचा. भिंतीसमोर शंभर वेळा, मग जोडीदारासमोर शंभर वेळा. ‘मारू नको, दे’ हे तीन शब्द सर दिवसभर म्हणत असतात. त्याहून अवघड सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा, घडवणे. गावाकडे याला लिफ्टर म्हणतात. टाळ्या स्मॅशरला मिळतात, त्यामुळे लिफ्टर व्हायला कुणी तयार नसते. संघातला सर्वांत समजूतदार मुलगा हेरून त्याला या जागेसाठी राजी करणारा प्रशिक्षकच पुढे टिकलेला दिसतो.

१९९८ नंतरच्या नियमबदलांनी जुन्या प्रशिक्षकांची परीक्षा पाहिली. पूर्वी सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळे आणि सेट १५ गुणांचा असे. आता प्रत्येक रॅलीला गुण, सेट २५ चा, निर्णायक पाचवा १५ चा. सर्व्हिस जाळ्यात गेली की गुण सरळ समोरच्याला. बचावासाठी लिबेरो आला आणि २.४३ मीटरच्या जाळ्यापुढे उडी न पोहोचणाऱ्या बुटक्या, चपळ मुलालाही संघात मानाची जागा मिळाली.

मुलींचा संघ उभा करणे ही वेगळी तपश्चर्या. जाळी २.२४ मीटरवर बांधणे सोपे. सराव संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाऊ नये हे सांभाळणे कठीण. घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे लागते, आणि स्पर्धेला नेलेली मुलगी दारापर्यंत पोहोचवून द्यावी लागते. ज्या सरांनी हे वर्षानुवर्षे केले त्यांच्याकडे पुढे धाकट्या बहिणीही आल्या. कापूस वेचणीचा हंगाम आणि विद्यापीठाचा स्पर्धा हंगाम एकमेकांत अडकतात, तेव्हाही घरच्यांशी हेच बोलणे होते.

पात्रता म्हणून एम.पी.एड. व नेट किंवा सेट परीक्षा लागते. प्रशिक्षणाची खास पदविका पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून (स्थापना १९६१) मिळते. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा द्रोणाचार्य (१९८५ पासून) हे या क्षेत्रातले मोठे सन्मान. व्हॉलीबॉलचे पहिले द्रोणाचार्य आंध्रचे ए. रमणा राव (१९९०). अनेक महाविद्यालयांत क्रीडा संचालकाची जागा रिकामी राहते किंवा तासिका तत्त्वावर भागवली जाते. यात होणारे नुकसान भरून येत नाही, कारण तीन वर्षांत खेळाडूंची अख्खी पिढी निघून जाते.

तुलनेसाठी अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे रस रोझ पाहावेत. १९७९ ते २०२१ अशी ४३ वर्षे त्यांनी एकच महिला संघ सांभाळला, १,३३० सामने जिंकले, सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांचा संघ एकदा सलग १०९ सामने हरला नव्हता. त्यांना देशभरातून खेळाडू निवडून शिष्यवृत्ती देता येत होती. खानदेशातल्या सरांना जो प्रवेश घेईल तो खेळाडू, आणि गुणपत्रके तर स्पर्धा संपली की जपून ठेवली जात नाहीत. त्यामुळे जिंकलेल्या सामन्यांवरून त्यांची थोरवी मोजताच येत नाही. ती दिसते त्यांच्या मुलांत. कुणी पोलिसात, कुणी रेल्वेत, कुणी सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून लागलेला. बरेचसे जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत शिक्षक.

यातला एखादा आपल्या शाळेच्या मागे मैदान आखतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून आधी मुरूम पसरतो, पाणी मारून रोलर फिरवतो. मग दोरी ताणून १८ बाय ९ मीटरची फक्की मारतो आणि खांबाला जाळी बांधताना मधला झोळ हाताने चाचपून पाहतो. हे त्याला कॉलेजातल्या सरांनी शिकवलेले असते.