शेजाऱ्याची मध्यस्थी : बुरुंडीचा धडा

शेजारच्या घरातले भांडण हातघाईवर आले म्हणजे आपण मध्ये पडावे की दार लावून घ्यावे, हा प्रश्न चाळीत राहणाऱ्याला नवा नाही. राष्ट्रांपुढेही तो उभा राहतो. पूर्व आफ्रिकेतील बुरुंडी या चिमुकल्या देशाचा अलीकडचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

तेथे हुतू बहुसंख्य आणि तुत्सी अल्पसंख्य. पण सैन्य तुत्सींच्या हाती. १९९३ च्या जूनमध्ये मेल्खियोर न्दादाये हे निवडून आलेले पहिले हुतू अध्यक्ष ठरले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला सैनिकांनी त्यांचा खून केला आणि यादवी पेटली. तीत सुमारे तीन लाख माणसे मेली असे मानतात.

१९९६ साली टांझानियाचे माजी अध्यक्ष जुलियस न्येरेरे मध्यस्थ झाले. यात निव्वळ परोपकार नव्हता. निर्वासितांचे लोंढे टांझानियाच्याच दारी येत होते. त्या जुलैत मेजर बुयोयांनी सत्ता बळकावताच शेजारी राष्ट्रांनी बुरुंडीचा व्यापार रोखला. समुद्रकिनारा नसलेल्या देशाला हा फास जबर होता. मात्र त्याचा काच गरिबांच्या चुलीलाही बसला. १९९९ च्या जानेवारीत तो सैल करण्यात आला.

आरुशा या टांझानियातील गावी १९९८ पासून बोलणी चालली होती. १९९९ मध्ये न्येरेरे निवर्तले आणि सूत्रे नेल्सन मंडेलांकडे आली. २८ ऑगस्ट २००० रोजी करार झाला. परंतु प्रत्यक्ष लढणाऱ्या दोन प्रमुख हुतू संघटना त्यात नव्हत्याच! कामगार चळवळीत हे आम्ही नित्य पाहतो. ज्यांच्या शब्दावर माणसे खात्यातून बाहेर पडतात, त्यांची सही नसेल तर करारनामा फलकावर डकवण्यापुरताच उरतो. बुरुंडीतही करारानंतर लढाई चालूच राहिली.

तरीही तो कागद वाया गेला नाही. परतणाऱ्या पुढाऱ्यांच्या रक्षणासाठी २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सैनिक पाठवले. ठरल्याप्रमाणे बुयोया २००३ च्या एप्रिलमध्ये पायउतार झाले. त्याच नोव्हेंबरात मोठ्या बंडखोर संघटनेने समेट केला. दुसरीने २००६ मध्ये शस्त्रसंधी मान्य केली. सैन्यात कोणत्याही एका जमातीचे लोक निम्म्याहून अधिक नसावेत, असे ठरले. काल एकमेकांवर नेम धरणारे एकाच गणवेषात उभे राहिले. सत्तेची वाटणी आधी लिहून ठेवलेली होती, म्हणूनच मागाहून येणाऱ्यांना जागा सापडली.

पण पुढे काय झाले? एकाच माणसाने दोन मुदतींपेक्षा अधिक काळ अध्यक्ष राहू नये, असे आरुशाचे कलम होते. आपली पहिली निवड संसदेने केली होती, ती मोजू नये, असा युक्तिवाद पुढे करून २०१५ मध्ये अध्यक्ष न्कुरुन्झिझा तिसऱ्यांदा उभे राहिले. रक्त सांडले, लाखो लोक पुन्हा देशोधडीस लागले. शेजाऱ्यांनी मध्यस्थ नेमले ते युगांडाचे मुसेवेनी यांना. आणि त्यांच्याच देशात मुदतीचे बंधन २००५ साली काढून टाकण्यात आले होते! अशा मध्यस्थाच्या शब्दाला वजन कोठून येणार? ती बोलणी निष्फळ ठरली.

म्हणून शेजाऱ्याने मध्ये अवश्य पडावे. परंतु हत्यार ज्यांच्या हाती आहे त्यांना बैठकीत आणावे, सह्या झाल्यावरही पाठ फिरवू नये, आणि दुसऱ्याला घालतो तो नियम आपल्या घरी पाळावा. २००० साली यातली पहिली गोष्ट राहिली होती, ती पुढे भरून काढता आली. २०१५ साली शेवटची राहिली, आणि तिची किंमत बुरुंडीच्या सामान्य माणसाने मोजली.