खानावळवालीची पत

मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्याची खटपट 1854 साली कावसजी दावर यांनी सुरू केली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यात लाखो माणसं कामाला आली. कोकणातून आणि घाटावरून आलेले यातले बहुतेक पुरुष एकटे असत. बायकामुलं गावी, शेत गावी आणि पगारातला मोठा वाटा मनीऑर्डरने गावी. चाळीतल्या एका खोलीत पाळ्यांच्या हिशेबाने दहा-पंधरा जण राहत, आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय जवळपासची एखादी बाई करत असे. या गिरणगावच्या इतिहासात साचे, संप आणि पुढारी यांना भरपूर जागा मिळाली, पण या खानावळवालीच्या वाट्याला जेमतेम उल्लेख आला. माझ्या मते हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यामुळे एक मोलाचा धडाही नजरेआड राहिला. 1975 साली प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांसाठी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ टिकलं, कारण त्याची सुरुवात या बायकांना काय येत नाही इथून झाली नाही. काय उत्तम येतं, इथून झाली.

त्यांना काय येत होतं, हे नीट पाहायला हवं, कारण ‘स्वयंपाक’ एवढं म्हटलं की ते सगळं झाकलं जातं. सकाळच्या पाळीचा माणूस उजाडण्याआधी बाहेर पडे, रात्रपाळीचा तेव्हाच परते. एकाचा सोमवार, दुसऱ्याचा गुरुवार. एकाला सुकट हवी, दुसरा माळकरी. कोण गावाला गेला, कोणी किती खाडे केले, कोणाच्या खाड्यांचे पैसे वळते करायचे, कोणाची मागची बाकी राहिली, हे सगळं अनेकींच्या डोक्यात असे, कारण लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्या होत्या. पगार महिन्याने होणार, धान्य मात्र आज भरायचं. म्हणजे महिनाभर कामगारांना उधारीवर जेवू घालणारी ही बाई खरं तर त्यांची सावकारच होती. पण तिचं स्वतःचं भांडवल वाण्याच्या उधारीचं किंवा खऱ्या सावकाराच्या व्याजाचं. कोण पैसे बुडवील आणि कोण उशिरा का होईना देईल, याची तिची पारख एखाद्या बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा कमी नव्हती. अडचण एकच होती. या पारखीला आणि या कष्टाला कागदावर किंमत नव्हती, आणि किंमत नाही म्हणून कर्ज नाही.

या बायका चुलीपाशी कशा आल्या, यालाही इतिहास आहे. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी, 1929चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा, यंत्रांतले बदल आणि ‘घर चालवणारा पुरुषच’ ही मालकांची आणि युनियनचीही धारणा, या सगळ्यांतून बायकांचं प्रमाण घसरत गेलं. कायदे बायकांच्या भल्यासाठी होते, पण मालकांनी त्यातून बायका न घेण्याची सोय काढली. गिरणीची दारं अशी बंद होत गेली, आणि नवरा आजारी, बेकार किंवा परागंदा झालेल्या बाईपुढे जेवण घालण्याचा धंदा हा मोजक्या मार्गांपैकी एक उरला.

प्रेमा पुरव गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीतून घडलेल्या. कामगारांच्या संपात पुरुष घोषणा देत, पण त्यांना उधारीवर जगवणाऱ्या बायकांकडे कोणाचं लक्ष नसे. 1974च्या लांबलेल्या संपात हे फार स्पष्ट दिसलं. मंडळाने बँकेच्या कर्जासाठी बायकांचे लहान गट केले आणि एकीची हमी दुसरीने घ्यायची अशी रीत ठेवली. ही हमी कोरी नव्हती. एकाच चाळीत राहणाऱ्या, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बाईला शेजारणीची नियत ठाऊक असते, आणि बँकेला हवी असलेली माहिती तिच्यापाशी आधीच असते. बांगलादेशातल्या जोबरा गावी मुहम्मद युनूस यांचा गरिबांना लहान कर्जं देण्याचा प्रयोग सुरू झाला 1976 साली, आणि अहमदाबादेत सेवा बँक उभी राहिली 1974 साली. म्हणजे एकाच सुमारास तीन ठिकाणी तीन जणांना एकच गोष्ट दिसत होती. आपल्याकडे युनूस यांचं नाव माहीत असतं आणि गिरणगावचं नसतं, हे मला खटकतं.

यावर पहिला आक्षेप असा की नुसत्या बायकांच्या गुणांनी काही झालं नसतं. 1969चं बँकांचं राष्ट्रीयीकरण, 1972ची गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आणि डाव्या संघटनांचा वट यांनीच दार उघडलं. हे खरं आहे, आणि ते नाकारणं म्हणजे इतिहासाशी खोटं वागणं. पण राष्ट्रीयीकरण सगळ्या देशात झालं होतं. उघडलेल्या दारातून कोण आत जाऊ शकलं, याचं उत्तर योजनेत सापडत नाही. परतफेड होत राहिली, ती धंदा आधीपासून चालू होता म्हणून. कर्जाने बाईला नवं काम दिलं नाही. होत्या त्या कामातून सावकाराचा वाटा तेवढा कमी केला.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी आहे आणि अधिक गंभीर: स्वयंपाकालाच बळ मानलं, तर बाईला चुलीशी कायमचं बांधलं जात नाही का? मला वाटतं, फरक चुलीत नसून हिशेबात आहे. तेच काम घरात बिनमोल असतं. मंडळात त्याला भाव आला, बाईच्या स्वतःच्या नावाचं बँकेत खातं आलं, सभेत बोलायची सवय आली. तरीही हा आक्षेप पुरता मिटत नाही. बाईला दुसरं काही शिकायची संधीच नसेल, तर तिच्या बळाची स्तुती हा तिच्या गरिबीवरचा मुलामा ठरतो.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. जेवणारे गावी परतले, बाक्या बुडाल्या. साच्यावर आयुष्य काढलेल्या कामगाराचं कसब गिरणीच्या फाटकाआडच चालत होतं. फाटक बंद झालं आणि त्याला ते कुठे विकता येईना. खानावळवालीचं कसब मात्र कोणा मालकाच्या आवारात अडकलेलं नव्हतं. गिऱ्हाईक बदललं, मंडळातल्या बायका कचेऱ्यांना जेवण पुरवू लागल्या, समारंभांची कामं घेऊ लागल्या. एकटीदुकटीला असली ऑर्डर झेपली नसती, भांडीसुद्धा पुरली नसती. मंडळाबाहेर एकट्या राहिलेल्या किती जणी त्या संपात उठल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही.