मेंदूचा मुका मार

'मुका मार' हा आपल्या मराठीतला मोठा नेमका शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही. बाहेरून काही बोलत नाही म्हणून तो मुका. हातापायाला असा मार बसला तर त्याचा धनी निदान कण्हतो तरी. पण तोच मार मेंदूला बसला तर? ज्याने तक्रार करावयाची तोच तिथे जायबंदी! इंग्रजीत याला 'कन्कशन' म्हणतात. मेंदू कवटीच्या आत हादरतो. बहुतेक वेळा खेळाडू बेशुद्धही पडत नाही आणि क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसत नाही.

दिसणारा मार लोकांच्या ध्यानात राहतो. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू आपल्या नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला, कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली. प्रतिपक्षाच्या फ्रँक वॉरेलने रक्त दिले; आपल्या चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही दिले. त्या घावाला सारे जग धावले. मुक्या माराला मात्र कोणी धावत नाही, कारण तो आधी ओळखावा लागतो.

मी शाळामास्तर. प्रश्नपत्रिका काढण्यात माझी उमेद गेली. म्हणूनच की काय, हा मार ओळखण्याचा इतिहास मला एका प्रश्नपत्रिकेचा इतिहास वाटतो.

तिचे पहिले पान अमेरिकेतले. १९०५ च्या हंगामात तिथला फुटबॉल इतका धसमुसळा झाला होता की खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या मंडळींना बोलावून कानउघाडणी केली. त्याच हंगामात हार्वर्डच्या संघाबरोबर निकोल्स आणि स्मिथ हे दोन डॉक्टर होते. १९०६ साली त्यांनी लिहून ठेवले, की साऱ्या हंगामात असा मार कुणालाच बसला नाही असे सामने दोनच झाले. खेळाडू ही गोष्ट थट्टेवारी नेत. कित्येकदा गडी भ्रमिष्ट झाल्याचे प्रथम कळे ते डाव मांडणाऱ्या सोबत्याला. कारण खूण केली तरी गडी भलतीकडेच धावे!

याच हार्वर्डने १८८१ साली जेम्स रॉबिन्सन नावाचा ट्रेनर नेमला होता. आपल्या तालमीतला वस्ताद आणि गावचा हाडवैद्य यांच्या मधला हा माणूस: अंग रगडावे, पट्ट्या बांधाव्या. पुढे १९५० साली कॅन्सस सिटीत या ट्रेनर लोकांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापली, आणि १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांचा पेशा आरोग्यसेवेतला म्हणून मान्य केला. रगडणारा हात आता नाडी पाहणारा झाला.

पण विचारावयाचे काय? नाव काय, वय काय, साल कोणते, हे ठराविक प्रश्न. १९९५ साली ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की घेरी आलेला खेळाडू याची उत्तरे बरोबर देऊ शकतो. तो अडखळतो ते निराळ्याच प्रश्नांना: हे मैदान कोणते? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या आठवड्यात आपण कुणाशी खेळलो, जिंकलो का? नाव ही जुनी ठेव, ती सहसा जात नाही. ताजी कमाई आधी सांडते.

या प्रश्नांभोवती २००४ साली एक आंतरराष्ट्रीय चाचणी तयार झाली. काही शब्द ध्यानात ठेवा, महिने उलटे म्हणा. पुढे तोल सांभाळून उभे राहण्याचीही भर पडली.

तरी एकदा उत्तीर्ण झाला म्हणजे सुटला असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. चाचणीत तो पास झाला, पुन्हा खेळायला उतरला. दुसऱ्या दिवशी डोके दुखू लागले, चाचणी बिघडली, आणि लाबुशेन त्याच्या जागी खेळला. कसोटीच्या इतिहासात असा बदली खेळाडू तो पहिलाच.

स्मिथ सावरला. २००६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा एक मुलगा असा सुदैवी नव्हता. डोक्याला मार बसल्यावर त्याच सामन्यात तो पुन्हा उतरला, आणि खेळ संपता संपता कोसळला. जीव वाचला, पण साध्या हालचालींसाठी त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. २००९ साली त्याच्या नावाने कायदा झाला: नुसता संशय आला तरी मूल मैदानाबाहेर, आणि जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांनी असे कायदे केले.

या साऱ्या खटाटोपाचे सार मला एवढेच दिसते: हादरलेला मेंदू स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. आणि त्याची साक्ष घेणारा माणूस असा हवा, की ज्याला सामना जिंकण्याची घाई नाही.

सुटीत पोरे मैदानावर पडतील, आपटतील, ते व्हायचेच. आपण पाणी मारतो, कांदा हुंगवतो आणि पाठीवर थाप मारून विचारतो, "खेळशील ना रे?" पोर 'हो'च म्हणणार. त्या दिवशी त्याला बाहेर बसवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. डोकेदुखी वाढली, वांत्या होऊ लागल्या, ग्लानी आली तर तडक इस्पितळ गाठावे. एक डाव हरला तर दुसरा मांडता येतो.