पागोट्यापासून हेल्मेटपर्यंत : मापाची गोष्ट

'सक्ती' हा शब्द मराठीत शिक्षणाला जोडला की सुधारणा वाटते आणि हेल्मेटला जोडला की जुलूम. 'हेल्मेटसक्ती' हा जोडशब्द वृत्तपत्रांनी इतका रुळवला आहे, की त्यातील पहिले पद आता दुसऱ्यावाचून सुचतच नाही. 'शिरस्त्राण' हा संस्कृत शब्द हाताशी असूनही तो ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि पौराणिक चित्रपटांत अडकून पडला. शब्द परका राहिला म्हणून वस्तूही परकी राहिली, असे सोपे समीकरण आम्ही मांडणार नाही. पण डोक्यावर काय असावे याविषयी मराठी माणसाच्या कल्पना फार जुन्या आणि फार ठाम आहेत, एवढे मात्र खरे.

टोपी घालणे, टोपी फिरवणे, पगडी उतरणे हे आपले वाक्प्रचार पाहा. त्यांत फसवणूक आहे, पक्षांतर आहे, अब्रू आहे. डोके फुटण्याची भीती कोठेच नाही. शिरोभूषण हे आपल्याकडे प्रथम प्रतिष्ठेचे चिन्ह, संरक्षण नंतर. तरीही संरक्षणाची जाण नव्हती असे नाही. अफजलखानाच्या भेटीच्या (१० नोव्हेंबर १६५९) पारंपरिक वर्णनांत शिवाजी महाराजांच्या वस्त्राखाली लोखंड आहे : अंगात चिलखत, डोईला पोलादी टोप आणि वर कापड. बाहेर मऊ, आत कठीण. तलवारीच्या वारासाठी ही रचना योग्यच होती. मोटरसायकलच्या हेल्मेटने ती नेमकी उलटी केली : बाहेर कठीण कवच, आत चिरडून जाणारा मऊ थर. कारण येथे शत्रू धार नसून वेग आहे.

या उलटापालटीमागे एक मृत्यू आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्यातनाम झालेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये मोटरसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदू-शल्यविशारद होता. ही घटना त्याच्या मनातून गेली नाही. १९४१ साली त्याने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार व सहप्रवासी रस्त्यांवर मरण पावल्याची नोंद त्यात आहे. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्याला मोजून सातच सापडले, सातहीजण जगले. सात हा आकडा संख्याशास्त्राला पुरणारा नव्हे, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले, आणि १९४६ च्या पुढील लेखात केर्न्सला मृत्यू घटल्याचे दाखवता आले. चिरडून धक्का पचवणाऱ्या आतल्या थराचे पेटंट अमेरिकेत सी. एफ. लोम्बार्ड यांना १९५३ साली मिळाले. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, तो आजच्या हेल्मेटचा खरा प्राण आहे. एकदा चिरडला की तो संपला. म्हणून आपटलेले हेल्मेट वरून कितीही तुकतुकीत दिसले तरी निकामी समजायचे.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२९ ने हेल्मेट आले, पगडीधारी शिखांना सूट देऊन. मग आमच्या पगडीने काय घोडे मारले, असा प्रश्न पुण्यात निघणारच होता. जानेवारी २०१९ मध्ये तेथे कारवाई कडक होताच काहींनी पुणेरी पगड्या घालून दुचाकीवरून निषेध केला. विनोद चांगला होता, इतिहास कच्चा. पगडी ही पगडबंदाकडून आपल्या डोक्याच्या मापाने बांधून घेण्याची वस्तू. माणूस डोके घेऊन पगडीकडे जाई. हेल्मेट मात्र ठरावीक मापांत साच्यातून निघते आणि डोक्यानेच त्याच्याशी जमवून घ्यायचे असते. आंदोलकांच्या तक्रारींतले तथ्य शोधायचे तर येथे शोधावे.

तक्रारी तीनच : बसत नाही, गुदमरते, ऐकू येत नाही. आम्ही पिंपळगाव बसवंतला शिकवतो. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला चाटून जातो. द्राक्षे, कांदा, टोमॅटो यांच्या गाड्यांमधून वाट काढत निफाड-दिंडोरीची मुले दुचाकीवर महाविद्यालयात येतात, आणि आम्हीही. स्टाफरूममधील कपाटावर ओळीने ठेवलेली हेल्मेटे आम्ही एकमेकांच्या डोक्यांवर घालून पाहिली आहेत. त्यातून लक्षात आले ते असे, की या तीन तक्रारी बहुधा एकाच तक्रारीची रूपे आहेत.

आवाजाचेच घ्या. हॉर्न ऐकू येत नाही हा सर्वांत लाडका आक्षेप. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या मोजणीत हेल्मेटच्या आत ताशी ६० किलोमीटरला सुमारे ९० डेसिबल आणि १६० ला सुमारे ११० डेसिबल आवाज आढळला. हा आवाज वाऱ्याचा. हनुवटीखालच्या फटीतून घुसणाऱ्या आणि कडेला घोंघावणाऱ्या हवेचा. हेल्मेट हॉर्न दाबते तसा हा वाराही काही प्रमाणात दाबते, त्यामुळे वेगात हॉर्न हरवतो तो मुख्यतः वाऱ्यात. हेल्मेट जितके सैल, तितकी फट मोठी. म्हणजे ऐकू न येण्याचे मूळही पुन्हा मापातच. आणि माप सैल का? कारण घट्ट हेल्मेट दुकानात पहिल्याच क्षणी टोचते. गालाच्या गाद्या कालांतराने दबतात, हे विकणारा सांगत नाही. भुवयांच्या वरून फीत फिरवून मोजावे, आतल्या पट्टीवरचा ५८० हा आकडा म्हणजे ५८ सेंटीमीटर हे ओळखावे, दहा मिनिटे घालून बसावे. कपाळावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर माप नव्हे, आकार चुकला आहे. पट्टा बांधून मागून वर ओढले असता निघाले, तर रस्त्यावरही निघेल.

गुदमरण्याला मात्र उत्तर नाही. एप्रिलमधले ऊन आणि थर्माकोलचा थर यांचे मैत्र जमवणे कठीणच. हवेची छिद्रे ठेवावीत तर आवाज वाढतो. म्हणूनच महामार्गाकडेच्या टपऱ्यांवर लटकणारी अर्धी टोपीवजा हेल्मेटे खपतात : हवेशीर, हलकी, पोलिसापुरती. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट बनवणे-विकणे बेकायदा आहे, तरी त्या लटकतच आहेत. नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम निघाली. आमचे गाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, त्यामुळे तेव्हा नाशिकला निघालेल्यांच्या डोक्यावर हेल्मेट वाटेतच कोठेतरी चढे आणि परतताना तेथेच उतरे.

या साऱ्यात एका डोक्याचा विचार साच्याने अजून केलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कारवाईचे आदेश दिले. मागे बसणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. अंबाडा घातला की हेल्मेट मागून उचलले जाते आणि कपाळ उघडे पडते. स्कार्फ बांधून वर घातले की पट्टा हनुवटीखाली नीट बसत नाही. आमच्यापैकी ज्या अंबाडा घालतात, त्या आता तो मानेपर्यंत खाली आणून सैल वेणी घालतात आणि वर्गात शिरण्याआधी पुन्हा बांधतात. पहिल्या तासाला त्यामुळे पाच मिनिटे उशीर होतो.