बिल्टीवर खरं लिहिलं होतं: हेम्पच्या ट्रकभाड्याची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आज गोष्ट एका ट्रकची आहे.

तारीख २४ जानेवारी २०१९. अमेरिकेतलं आयडाहो राज्य, बॉयझी शहराजवळचा हायवेवरचा वजनकाटा. ओरेगॉनहून कोलोरॅडोला निघालेला एक ट्रक नियमाप्रमाणे काट्यावर आला. आत ६,७०१ पौंड माल, म्हणजे आपल्या हिशोबाने तीन टनांच्या थोडा वर. बिल्टीवर मालाचं नाव स्वच्छ लिहिलेलं: हेम्प. ड्रायव्हरने काही लपवलं नव्हतं. तरी त्याला अटक झाली आणि माल जप्त झाला. पोलिसांच्या लेखी तो गांजा होता, आणि आयडाहोच्या कायद्यात इतक्या गांजाच्या तस्करीला किमान पाच वर्षं तुरुंगवास.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली, ड्रायव्हरच्या जिवाशी खेळच. जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी, २० डिसेंबर २०१८ ला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ज्या शेती कायद्यावर सही केली होती, त्याने हेम्पला अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढलं होतं. देशाने मोकळा केलेला माल, आणि राज्याच्या नाक्यावर बेड्या.

हे वाचलं तेव्हा मला माझे काका आठवले. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, जकात नाक्यांच्या काळात. ते म्हणायचे, "माल शेठचा असतो रे, पण नाक्यावर उभा राहतो तो ड्रायव्हर." आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे असं समजा. वरवर प्रश्न साधा: हेम्प आणि त्यापासून काढलेलं सीबीडी रस्त्याने पाठवायला खर्च किती? पण या भाड्याच्या आकड्यात डिझेल आणि टायर जितके आहेत, तितकाच ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे इंग्रजी व्यापाऱ्यांनी दोरखंडाच्या कुठल्याही धाग्याला हेम्प म्हणून टाकलं. आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग, तो त्यांचा 'सन हेम्प'. भाकरीबरोबर जिची भाजी खातो ती अंबाडी, ती 'डेक्कन हेम्प'. अंबाडीच्या शास्त्रीय नावातही 'कॅनाबिनस' आहे, कारण पानं तशी दिसतात. पण खरं हेम्प म्हणजे भांग-गांजाचीच जात, फक्त नशेचं टीएचसी द्रव्य नगण्य असलेली. सीबीडी हे त्याच झाडातलं दुसरं द्रव्य, त्याने नशा होत नाही. झाड दिसायला तेच, वासही तोच. नाक्यावरच्या शिपायाला आणि त्याच्या कुत्र्याला फरक कळायचा कसा? हा प्रश्न लक्षात ठेवा.

चला १९३७ सालात. त्या वर्षी अमेरिकेने गांजावर कर बसवला. सरळ बंदी घातली नाही, कराच्या वाटेने गळा आवळला. नोंदणी केलेल्या माणसाला माल द्यायचा तर औंसाला एक डॉलर. नोंदणी नसलेल्याला द्यायचा तर औंसाला शंभर डॉलर! तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता. आणि हा कर माल हातातून हातात जाण्यावर होता. झाडाचा पक्व देठ आणि त्याचा धागा यातून वगळला होता, पानं आणि फुलं मात्र कायद्याच्या कचाट्यात. पण शेतातून गिरणीकडे जाणाऱ्या देठांना वाळकी पानं चिकटलेली असायचीच! म्हणजे एकाच गाडीत कायदेशीर आणि बेकायदेशीर शेजारी शेजारी. २०१९ चं भांडण तिथेच रुजलं होतं.

मग युद्ध आलं. जपानने फिलिपाइन्स घेतलं आणि मनिलाच्या दोरखंडाचा पुरवठा तुटला. नौदलाला दोर हवेत. त्याच सरकारने १९४२ मध्ये 'हेम्प फॉर व्हिक्टरी' नावाचा माहितीपट काढून शेतकऱ्यांना हेम्प पेरायला सांगितलं, आणि मध्यपश्चिमेच्या राज्यांत ४२ गिरण्या उभारल्या. इतक्या विखुरलेल्या का? कारण वाहतूक. हेम्पचा देठ उसासारखा जड नसतो, पण जागा खूप खातो, आणि त्यातला कामाचा धागा थोडाच. लांब न्यायचा तर भाडं काड्यांवरच जातं. म्हणून गिरणी शेताजवळ. आपल्याकडे साखर कारखाना उसाच्या पट्ट्यात असतो ना, तसंच गणित. फक्त उसाला घाई रस आटण्याची, इथे अडचण गाडी भरून जाण्याची.

युद्ध संपलं, गिरण्या बंद पडल्या. पुढे १९७० च्या कायद्याने गांजा सगळ्यात कडक यादीत गेला, आणि शेतातलं उभं हेम्पही त्याच्यासोबत. २०१४ मध्ये विद्यापीठांना आणि राज्यांच्या कृषी खात्यांना प्रयोगापुरती लागवड करायची मुभा मिळाली. आणि २०१८ मध्ये दार उघडलं: वाळलेल्या मालात डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर ते हेम्प, त्यावर गेलं तर गांजा.

हा ०.३ कुठून आला? १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांच्या वर्गीकरणासाठी एक रेष ओढली. ती रेष सोयीसाठी आहे, हे त्यांनीच मान्य केलेलं. वर्गीकरणाच्या कागदावरची ती रेष पुढे कायद्यात शिरली, आणि तिच्या अलीकडे की पलीकडे यावर माणसाची पाच वर्षं ठरू लागली.

रस्त्यावर ती रेष दिसत नाही हो. पोलिसांकडच्या रंग बदलणाऱ्या चाचणीतून टीएचसी आहे एवढंच कळतं, किती टक्के ते कळत नाही. टक्केवारीसाठी प्रयोगशाळा हवी. आयडाहोत तर तेव्हा टक्क्यांचा प्रश्नच नव्हता, अंशभर सापडलं तरी गुन्हा. त्याच जानेवारीत ओक्लाहोमातल्या पॉहस्का गावात असाच प्रकार झाला. केंटकीहून कोलोरॅडोला निघालेला हेम्पचा ट्रक सिग्नलच्या कारणावरून अडवला. सुमारे आठ टन माल. दोन ड्रायव्हर पकडले, आणि मालाच्या सुरक्षेसाठी सोबत आलेले दोन रक्षकही पकडले! ज्यांचा पगार हा वाहतुकीच्या खर्चाचा भाग होता, तेच कोठडीत. नमुने तपासायला केंद्रीय प्रयोगशाळेत गेले. पुढे खटले मागे घेतले गेले, पण कोठडीतले दिवस कोणी मागे घेतले नाहीत.

आता भाड्याचा हिशोब मांडू. आकडे समजुतीपुरते धरा. ओरेगॉन ते कोलोरॅडो साधारण २,००० किलोमीटर. समजा ट्रकचं भाडं ३,००० डॉलर. अमेरिकेत भरलेल्या ट्रकचं एकूण वजन साधारण ३६ टनांपर्यंत चालतं, त्यात माल वीसेक टन. वीस टन धान्य भरलं तर किलोमागे १५ सेंट पडतात. पण वाळलेलं, भुसभुशीत हेम्प तीन टन भरलं तर त्याच भाड्याने किलोमागे एक डॉलर. म्हणून तिथली ट्रक मंडळी हलक्या-फुगीर मालाला वरचा दर लावतात. आपल्याकडे कापूस किंवा भुसा भरणाऱ्याला हे सांगायला नको.

आता यात जोखीम मिसळा. समजा माल एक लाख डॉलरचा, आणि शंभर खेपांत एक खेप जप्त होते. म्हणजे प्रत्येक खेपेवर हजार डॉलर अदृश्य भाडं. मूळ भाड्याचा तिसरा हिस्सा! विमा आहे ना, असं म्हणाल. पण मालाच्या विम्यात सरकारी जप्ती बहुधा वगळलेलीच असते. मग प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा दाखला, शेतकऱ्याच्या परवान्याची प्रत, वकिलाचा फोन नंबर, हे सगळं गाडीत ठेवायचं. त्यावर वळसा. आयडाहो टाळायचं तर ओरेगॉनमधूनच दक्षिणेला उतरून नेवाडाच्या विनेमकावरून पूर्वेला जायचं. डिझेल जास्त, तास जास्त, शिवाय ड्रायव्हरच्या रोजच्या तासांवर कायद्याची मर्यादा.

म्हणूनच धंदा हळूहळू बदलला. फुगीर माल लांब न्यायचा नाही. शेताजवळच अर्क काढायचा आणि पुढे सीबीडीची पावडर किंवा तेल पाठवायचं. ट्रकभर माल थोड्या डब्यांत मावतो. १९४२ च्या गिरण्यांचं गणित नव्या रूपात परत आलं. २०१९ मध्ये लागवड अफाट वाढली आणि मालाचे भाव कोसळले, तेव्हा तर इलाजच उरला नाही. माल स्वस्त झाला म्हणून डिझेल थोडंच स्वस्त होतं!

पण एक किंमत या हिशोबात येतच नाही. ट्रक वापरून अमली पदार्थ वाटण्याचा मोठा गुन्हा सिद्ध झाला, तर अमेरिकेत व्यावसायिक ड्रायव्हरचं लायसन आयुष्यभरासाठी जाऊ शकतं. एका खेपेच्या मजुरीसमोर उभ्या जन्माची रोजी. आणि हेच सीबीडी त्याने पाठदुखीवर घेतलं आणि चाचणीत टीएचसी निघालं, तर "मी फक्त सीबीडी घेतलं" ही सबब चालत नाही. २०२० मध्ये वाहतूक खात्याने तशी स्पष्ट सूचनाच काढली. विकणारा विकू शकतो, नेणारा नेऊ शकतो, नेणाऱ्याने घेतलं तर नोकरी जाऊ शकते.

मग त्या आयडाहोच्या ट्रकचं काय झालं? मालक कंपनी फेडरल कोर्टात गेली. नव्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की नियमाप्रमाणे पिकवलेल्या हेम्पची वाहतूक राज्यांनी अडवू नये. पण नियम तर अजून झालेच नव्हते! आयडाहोने तेच धरलं: नियमच नाहीत, तर हे नियमाप्रमाणे पिकलं कसं? खालच्या कोर्टाला ते पटलं. मे २०१९ मध्ये कृषी खात्याच्या वकिलांनी जाहीर टिपण काढून कोर्टाच्या मताशी असहमती दाखवली. सप्टेंबरात वरच्या कोर्टाने सांगितलं, राज्यात खटला चालू असताना आम्ही मध्ये पडणार नाही. त्याच सुमाराला ड्रायव्हरने सौम्य गुन्हा कबूल करून पाच वर्षांची टांगती तलवार उतरवून घेतली. कृषी खात्याचे नियम आले ३१ ऑक्टोबर २०१९ ला. नोव्हेंबरात आयडाहोच्या गव्हर्नरने आदेश काढून हेम्पच्या ट्रकना राज्यातून जाऊ दिलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये आयडाहोनेच हेम्पच्या लागवडीला परवानगी दिली.

म्हणजे दहा महिन्यांनी रस्ता खुला झाला. तोच रस्ता, तोच माल. कायदा झाल्यापासून नियम होईपर्यंत जो खड्डा होता, त्यात चाक एका ड्रायव्हरचं अडकलं.

जाता जाता आपल्याकडे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; सोबत शेंडे नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. आणि कलम १० नुसार गांजाची वाहतूक, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं, याचे नियम राज्य सरकारांच्या हातात. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पला वाट दिली, २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. धंदा वाढला तर ट्रकही निघतील, आणि मध्ये नाके लागतीलच. तेव्हा दिल्लीत काय सही झाली यापेक्षा नाक्यावरच्या हवालदाराकडे काय कागद पोचला, हे ड्रायव्हरसाठी जास्त महत्त्वाचं असेल.

काकांना मी एकदा विचारलं होतं, सगळ्यात महागडी खेप कोणती? मला वाटलं, लांबची एखादी सांगतील, कोलकाता वगैरे. ते म्हणाले, "जिच्यात कागद बरोबर होते आणि तरी थांबवलं, ती." तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणी ट्रकवर असेल तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा, आणि त्यांच्या नाक्यांच्या गोष्टी मला लिहून पाठवा.