कलादालनाशी व्यवहार : चित्रकारांनी घ्यावयाची दक्षता

लातूर - लातूर-नांदेडच्या चित्रकाराला आपले काम रसिकांपुढे मांडण्यासाठी बहुधा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. चित्रे एकदा दालनाच्या हवाली केली, की विकली गेली की नाही, याची चौकशी शेकडो किलोमीटरवरून करावी लागते. हाती कागद नसेल, तर चित्र आणि पैसा दोन्ही जाण्याची भीती असते.

मुंबईच्या जहांगीर कलादालनासारख्या ठिकाणी ठराविक दिवसांसाठी भाड्याने जागा मिळते. खासगी दालने मात्र चित्रे विक्रीसाठी ठेवून घेतात व कमिशन कापतात. ते किमतीच्या निम्म्यापर्यंतही जाते. अशा वेळी विक्री होईपर्यंत मालकी कलावंताचीच राहते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार ठेवून घेतलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणे, तसेच विक्री करणाऱ्या प्रतिनिधीने मागताच हिशेब देणे बंधनकारक आहे.

करारात काय असावे?

* प्रत्येक चित्राचे शीर्षक, आकार, माध्यम, किमान किंमत व छायाचित्र. खाली दालनाची सही-शिक्का असलेली पोच.
* कमिशनचा दर, सवलत दिल्यास तिचा भार कोणावर, आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार.
* वाहतूक, चौकट व विम्याचा खर्च. नुकसान झाल्यास भरपाई.
* न विकलेली चित्रे परत करण्याची तारीख.

हक्क कोणाचा?

चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला, असे नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तो लेखी करारानेच देता येतो; मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. मात्र मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे जातो. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला होणाऱ्या फेरविक्रीत मूळ चित्रकाराला कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याची तरतूदही कलम ५३-अ मध्ये आहे.

कलाकृतीची मोडतोड झाल्यास कलम ५७ आधार देते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढताना खराब झाले म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

थकीत रकमेच्या दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. त्यामुळे तोंडी आश्वासनांवर न विसंबता पहिली मागणी लेखी, स्पीड पोस्टने करावी आणि पावती जपून ठेवावी.