गोताची साक्ष आणि सॉलिसिटरचा डोळा

'वकील' हा शब्द आपल्याकडे कोर्टाच्या पायरीशी इतका जोडला गेला आहे की, भांडण नसताना वकिलाकडे जाणे पुष्कळांना अजून अपशकुनासारखे वाटते. घर घ्यायचे ठरले म्हणजे मनुष्य जोशीबुवांना मुहूर्त विचारतो, मेहुण्याला भाव विचारतो, गवंड्याला भिंत ठोकून पाहायला सांगतो, आणि कागदांची पाळी आली म्हणजे विकणाऱ्यालाच म्हणतो, "तुमचे कोणी ओळखीचे वकील असतील ना? त्यांच्याकडूनच होऊ द्या." या वाक्यात जो भाबडा विश्वास आहे तो आजचा नव्हे. तो फार जुन्या काळातून चालत आला आहे, आणि त्या काळी तो भाबडाही नव्हता.

मराठी अमदानीत गावातले वतन विकले जाई तेव्हा कागद होई, नाही असे नाही. पण खरे बळ कागदात नसे, ते खाली उमटलेल्या निशाण्यांत असे. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, बाईमाणसाची बांगडी. गोत जमे आणि त्या गोतासमक्ष व्यवहार होई. विकणाऱ्याचा भाऊ परागंदा असला तर तो कोणत्या दुष्काळात गेला आणि त्याचा वाटा कोण खातो, हे पाटलालाही ठाऊक असे आणि बलुतेदारालाही. घेणाऱ्याला वेगळी चौकशी करावी लागत नसे. सारा गावच चौकशी होऊन पुढे बसलेला असे. शिवाय पुढे कोणी हरकत घेतल्यास तिचे निवारण आम्ही करू, असे विकणारा लिहून देई. आजच्या खरेदीखतात चतुःसीमा, हरकतीची हमी, कित्येकदा 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' अशी शब्दांची माळ दिसते, ती त्याच जुन्या दप्तरांची वंशज होय. शब्द राहिले, गोत मात्र उठून गेले.

ते सर्वांआधी उठले मुंबईत, किंबहुना तेथे ते नीट बसलेच नव्हते. इंग्रजांच्या हाती बेट आले तेव्हा जमिनी कोणाच्या, याचाच घोळ होता. गव्हर्नर जेरॉल्ड ऑन्जियर याने 1672 मध्ये जमीनदारांशी करार केला आणि 1674 मध्ये तो कायम झाला: जमीनदारांनी वर्षाला 20,000 झेराफिन द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे राहू द्याव्यात. पुढे सर्व प्रांतांतून माणसे आली. शेजारी शेजाऱ्याचा गाव विचारी, आजोबा विचारीत नसे. अशा शहरात 1726 च्या सनदेने मेयर्स कोर्ट, 1798 मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, 1824 पासून सुप्रीम कोर्ट आणि 1862 मध्ये हायकोर्ट अशी न्यायालये एकामागून एक आली, आणि त्यांच्याबरोबर विलायती पद्धतीचा अटर्नी आला. यालाच आपण सॉलिसिटर म्हणू लागलो. बॅरिस्टराने न्यायमूर्तींपुढे बोलावे आणि सॉलिसिटरने अशिलाशी बोलावे, कागद पाहावे, कागद करावे, अशी ही विभागणी.

तिच्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा. विकणाऱ्याच्या सॉलिसिटरने मूळ दस्तऐवज पोच घेऊन पाहायला द्यायचे. घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने ते वाचून प्रश्न काढायचे. हा मृत्युपत्राने मालक झाला, त्या मृत्युपत्राचे प्रोबेट कोठे आहे? या विधवेने विकले, तिला विकण्याचा अधिकार होता काय? समाधान झाले म्हणजे खरेदीखताचा मसुदा घेणाऱ्याकडच्याने करायचा आणि तो विकणाऱ्याकडच्याने तपासायचा. हे दोन परके डोळे म्हणजे हरवलेल्या गोताची भरपाई होती.

देशावर अशी भरपाई झाली नाही. तेथे गोताची साक्ष दुबळी झाली, कोर्ट कागदच मानू लागले, आणि कागद लिहिणारा बहुधा सावकाराचा माणूस. अंगठा उठवणाऱ्याला आपण गहाण लिहून देतो आहोत की खरेदी, हेही उमगत नसे. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा उसळला, तेव्हा लोकांनी सावकारांकडून मागितले ते रोखे, आणि जाळले तेही रोखेच. सरकारने 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचे दस्त गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहिले जावेत असे ठरवले, त्यातला कबुलीजबाब हाच की लिहिणारा कोणाचा, यावर सारे अवलंबून असते.

1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मुंबई इलाख्याला 1 जानेवारी 1893 पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात एक व्याख्या आहे, ती घर घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावी. तुमच्या कामात, तुमच्या वतीने वागताना तुमच्या मुखत्याराला कामाची जी गोष्ट कळली, ती कायद्याच्या दृष्टीने तुम्हालाच कळली! त्याने लबाडीने दडवली तर अपवाद आहे. विसरला तर नाही. म्हणजे सॉलिसिटर हा नुसता लेखनिक नव्हे, तो तुमचा डोळा होय. मग हा डोळा विकणाऱ्याकडून उसना घेणारा मनुष्य काय करीत असतो? दोघांचा सॉलिसिटर एकच असला म्हणजे त्या बिचाऱ्याचीही पंचाईत: विकणाऱ्याने विश्वासाने सांगितलेले घेणाऱ्याला सांगावे तर एकाचा विश्वासघात, न सांगावे तर दुसऱ्याचा. बिल्डर आपल्या सॉलिसिटरचा दाखला चौकटीत लावून दाखवतात. तो खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण तो विकणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो.

"पण रजिस्टर झाले आहे ना!" असे म्हणून लोक निश्चिंत होतात. दुय्यम निबंधक दस्त नोंदतो. विकणारा खरा मालक आहे याची हमी तो देत नाही. सूची क्रमांक दोनचा तीस वर्षांचा शोध घेण्याची वहिवाट चांगलीच आहे. परंतु 1908 च्या नोंदणी कायद्याने दस्त हजर करायला चार महिन्यांची मुदत दिली आहे, आणि नोंदला गेला म्हणजे तो सहीच्या दिवसापासून लागू होतो. आज सूची कोरी दिसली तरी दोन महिन्यांपूर्वी सही झालेला दुसऱ्याचा दस्त उद्या हजर होऊ शकतो. दुसरी फट मुंबईची खास. नुसते मूळ दस्तऐवज सावकाराकडे ठेवून होणारे गहाण कायद्याने प्रथम मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत मान्य केले. जमीन कोकणात का असेना, कागद मुंबईत ठेवले की पुरे. त्याचा मागमूस नोंदवहीत असण्याची सक्ती नव्हती. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना देण्याचे बंधन 2013 पासून आले. म्हणून तर चांगला सॉलिसिटर झेरॉक्स बाजूला सारून मूळ कागद मागतो आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो. ही नोटीस म्हणजे पुन्हा गोत बोलावण्याचाच प्रकार.

एक काम मात्र त्याच्यावर सोडून चालत नाही. 1929 च्या दुरुस्तीने असे ठरले की, जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्याचा जो काही हक्क असेल, तो घेणाऱ्याला ठाऊक होता असे धरले जाईल. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी घर पाहताना मागल्या खोलीतल्या म्हातारबाईंना नमस्कार करून चहा घेतला आणि सहज विचारले, "आपण यांच्या कोण?" त्या विकणाऱ्याच्या आत्या निघाल्या, आणि खोली आपल्या वाट्याची आहे असे त्यांचे म्हणणे होते. गुरुजींनी ते तसेच आपल्या सॉलिसिटरला जाऊन सांगितले. आत्याबाईंची सही झाल्यावरच पैसे दिले गेले.

सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट यांची कायदेशीर दुफळी 1 जानेवारी 1977 पासून संपली. तरी मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन वकील अजून सॉलिसिटर होतात. निवडताना पाटीपेक्षा मी दोन गोष्टी पाहीन: तो आपल्याला प्रश्न विचारतो काय, आणि 'हे घेऊ नका' असे कोणाला कधी सांगितल्याचे त्याच्या लौकिकात आहे काय. फी आधी ठरवून कागदावर घ्यावी. स्टँपचे हजारो रुपये मुकाट्याने भरणारे लोक या फीवर घासाघीस करतात, हा आपला स्वभावच.

व्यवहार पुरा झाला म्हणजे जुने दस्तऐवज घेणाऱ्याच्या स्वाधीन करायचे असतात. एकाच जमिनीचे तुकडे अनेकांनी घेतले असतील तर ज्याचा तुकडा सर्वांत मोलाचा, कागद त्याच्याकडे जातात. बाकीच्यांनी खर्च देऊन मागितले की ते दाखवायचे, प्रती द्यायच्या, आणि तोवर ते जपून ठेवायचे, असे कायद्याने त्याच्यावर बंधन आहे.